डोंगरापलीकडचीं दगडी गांवें

ग्रीस देशाचें नांव निघालें कीं सुशिक्षित वाचकांच्या डोळ्यांपुढें अथेन्सचीं संगमरवरी मंदिरें आणि निळ्या समुद्रांतील बेटें उभीं राहतात. प्रवाशांचे थवेही बहुधा तिकडेच वळतात. परंतु त्या देशाच्या वायव्य कोंपऱ्यांत, एपायरस प्रांतीं, पिंडस पर्वताच्या कुशींत ४६ गांवांचा एक मुलूख आहे. त्यास झागोरी म्हणतात. हा शब्द मूळ स्लाव्ह भाषेंतला असून त्याचा अर्थ 'डोंगरापलीकडचा प्रदेश' असा आहे. येथें भिंती दगडाच्या, छपरें चपट्या दगडी फरश्यांचीं, वाटा दगडाच्या आणि ओढ्यांवरील पूलही दगडाचेच. जमीन मात्र उताराची व खडकाळ. शेतीवर धनसंचय व्हावा अशी ती नव्हे. मग अशा जागीं एवढीं भक्कम आणि देखणीं गांवें उभीं राहिलीं तरी कशीं? या प्रश्नाचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

सन १४३० मध्यें योआनिना शहर उस्मानी तुर्कांच्या हातीं गेलें. त्या वेळीं झागोरीच्या गांवांनीं लढाई न करितां तह केला, आणि सुलतानाच्या घोड्यांची निगा राखण्यासाठीं माणसें पुरवून त्याच्या मोबदल्यांत आपला अंतर्गत कारभार आपल्याच हातीं ठेवला, असें तेथील परंपरा सांगते. पुढें या गांवांचा संघ बनला व गांवोगांवचे वडीलधारे त्याचा कारभार पाहूं लागले. ही व्यवस्था १८६८ पर्यंत या ना त्या रूपानें टिकली. आपण बांधलेलें घर उद्यां कोणी लुबाडणार नाहीं एवढा भरंवसा असला, म्हणजे मनुष्य दगडांत पैसा घालण्यास भीत नाहीं. या गांवांच्या भरभराटीचें पहिलें कारण हेंच होय.

दुसरें कारण परदेशगमन. येथील पुरुष कॉन्स्टँटिनोपल, बुखारेस्ट, मॉस्को अशा दूरच्या शहरीं व्यापारासाठीं जात. कित्येक जण व्हिकोसच्या खोल दरींतील औषधी वनस्पति गोळा करून वैद्यकी करीत देशोदेशीं फिरत. 'व्हिकोसचे वैद्य' अशी त्यांची ख्याति होती. मिळविलेला पैसा गांवीं येई, तो केवळ घरासाठींच नव्हे, तर प्रार्थनामंदिर, शाळा आणि पूल यांसाठींही. मोनोडेन्ड्री गांवच्या रिझारिस बंधूंनीं रशियांत संपत्ति मिळविली; अथेन्स येथें १८४४ मध्यें सुरू झालेलें रिझारिओस धर्मविद्यालय त्यांच्याच देणगीचें फळ होय. कापेसोवो या लहानशा गांवीं १८६१ मध्यें दगडी शाळा उभी राहिली. रीगास या देशभक्तानें १७९७ मध्यें व्हिएन्ना येथें बारा तक्त्यांचा जो प्रसिद्ध नकाशा छापून पुरा केला, त्याची एक प्रत याच आडगांवीं जतन झाली आहे. वाट बिकट होती, पण विचारांस ती बंद नव्हती.

पुलांचीं नांवें तर विशेष लक्षांत घेण्याजोगीं आहेत. किपी गांवाजवळचा एका कमानीचा पूल १७५० मध्यें नुत्सोस कोंडोडिमोस यानें बांधविला, म्हणून तो नुत्सोसचा पूल. पुढें शेजारच्या पाणचक्कीवाल्या कोक्कोरोसचें नांव त्यास चिकटलें. जवळच तीन कमानींचा पूल आहे. तो १८१४ मध्यें एका मठाधिपतीच्या द्रव्यानें बांधला गेला, म्हणून साधूचा पूल; नंतर दुरुस्ती करविणाऱ्या प्लाकिदासच्या नांवानें तो ओळखूं लागले. येथें राजाचें वा सेनापतीचें नांव नाहीं. जो बांधी आणि जो सांभाळी त्याचें नांव. मात्र हें काम करणारे गवंडी कोनित्सा भागांतील गांवांतून टोळ्या करून येत, आपसांत एक सांकेतिक बोली बोलत, आणि काम आटोपून निघून जात. त्यांचीं नांवें पुलांस मिळालीं नाहींत.

या वैभवाची खरी किंमत स्त्रियांनीं दिली, असें आमचें मत आहे. घरचा पुरुष वर्षानुवर्षें परमुलखीं. शेत, सरपण, म्हातारीं माणसें आणि मुलें यांचा भार घरच्या स्त्रीवर. या विरहास ग्रीक भाषेंत 'क्सेनितिया' हा स्वतंत्र शब्द आहे आणि त्यावर लोकगीतांचें भांडारच आहे. १९४० मध्यें इटलीनें स्वारी केली, तेव्हां पिंडसच्या स्त्रियांनीं पाठीवरून दारूगोळा डोंगरावर पोंचविला, ही गोष्ट ग्रीसमध्यें सर्वतोमुखीं आहे. ओझें त्यांस नवीन नव्हतें.

गांवाच्या वरच्या अंगाचीं कांहीं वनें देवास वाहिलेलीं असत. तेथें कुऱ्हाड चालविणारास धर्मबहिष्काराचें भय असे. आमच्याकडील देवराया ज्यांस ठाऊक आहेत, त्यांस यांतील मर्म सांगावयास नको. दरड गांवावर येऊं नये हा व्यवहार त्या श्रद्धेच्या पोटीं होता.

१९१३ मध्यें हा प्रदेश ग्रीसच्या राज्यांत आला. १९४३ मध्यें जर्मन सैन्यानें येथील अनेक गांवें जाळलीं. पाठोपाठ यादवी युद्ध आलें, आणि तरुण माणसें शहरांकडे गेलीं तीं परतलीं नाहींत. व्राडेटो गांवास तर १९७३ पर्यंत गाडीरस्ता नव्हता. हजाराहून अधिक दगडी पायऱ्यांची नागमोडी वाट हाच काय तो मार्ग. त्याच वर्षीं व्हिकोस-आओस राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें, आणि २०२३ मध्यें युनेस्कोनें झागोरीस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें.

हा सन्मान योग्यच झाला. परंतु त्यांत एक चिंता आहे. पूर्वीं गांवाबाहेर गेलेला मनुष्य परत येई, निदान पैसा धाडी. आतां बाहेरून आलेला मनुष्य दोन दिवस राहून जातो. सरकारी द्रव्यानें दगड पुन्हा बसवितां येतील. पण हा पूल आमचा आहे असें म्हणणारें गांवच उरलें नाहीं, तर पुढच्या दुरुस्तीनंतर त्यास नांव कोणाचें मिळणार? झागोरीस जाणाऱ्या प्रवाशानें कमान पाहून डोळे निववावे, पण हा प्रश्नही बरोबर घेऊन यावा.