‘ल ग्रां मोल्न’ : मैत्री, मृत्यू आणि मागे राहिलेला सोबती

आलँ-फूर्निए या फ्रेंच लेखकाची ‘ल ग्रां मोल्न’ ही एकमेव पूर्ण कादंबरी १९१३ साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी, २२ सप्टेंबर १९१४ रोजी, तो वेर्दंच्या दक्षिणेस लढताना नाहीसा झाला; वय अवघे २७ वर्षांचे. या दोन घटना इतक्या लागोपाठ घडल्या की, महायुद्धात बळी पडलेल्या पिढीचे विलापगीत म्हणून ही कादंबरी वाचण्याचा प्रघात पडला. असे वाचन हृद्य असले, तरी कालक्रम उलटा करणारे आहे. कादंबरीतील शोक युद्धापूर्वीचा आहे.

खेड्यातील शाळेत सतरा वर्षांचा मोल्न राहावयास येतो, तोच मुळी एका मृत्यूनंतर. भावाबरोबर दूषित डबक्यात पोहून आलेला त्याचा धाकटा भाऊ त्याच संध्याकाळी दगावला, असे त्याची आई सांगते. मोल्न स्वतः त्याविषयी बोलत नाही आणि वाचकही पुढे रानात हरवलेल्या वाड्याच्या व तेथील उत्सवाच्या मोहात ही गोष्ट विसरून जातो. कथा सांगतो तो मात्र पंधरा वर्षांचा स्यूरेल. विवाहाच्या दुसऱ्याच दिवशी मोल्न पत्नीला सोडून जातो. बाळंतपणानंतर ती मरण पावते. अरुंद जिन्यातून शवपेटी वर नेता येत नाही म्हणून तिचा देह दोन्ही हातांवर उचलून खाली आणतो तोही स्यूरेलच. प्रस्तुत लेखकाच्या मते कादंबरीचा परमोत्कर्ष येथे आहे, बहुचर्चित उत्सवात नव्हे. साहस एकाचे, सुतक दुसऱ्याचे, अशी ही विभागणी आहे.

या विरहाचे मूळ लेखकाच्या चरित्रात सापडते. १ जून १९०५ रोजी पॅरिसमध्ये इव्हॉन द क्येव्ह्रकूर ही तरुणी त्याच्या दृष्टीस पडली. पुन्हा भेट झाली ती १९१३ मध्ये. तोवर ती विवाहिता व माता झाली होती. वडील जेथे शिक्षक होते ते एपिनयचे शाळाघरही केव्हाच मागे पडले होते.

तथापि हे सारे आपणांस ज्या साधनांवरून कळते, त्यांचा इतिहास लक्षात घेणे अगत्याचे आहे. झाक रिव्हिएर हा त्याचा १९०३ पासूनचा शाळासोबती. १९०९ मध्ये त्याने मित्राची बहीण इझाबेल हिच्याशी विवाह केला. १९१४ च्या ऑगस्टमध्ये तो जर्मनांच्या कैदेत पडला आणि जिवंत राहिला. १९२४ साली मित्राचे विखुरलेले लेखन त्याने दीर्घ प्रस्तावनेसह प्रकाशात आणले व पुढच्याच वर्षी तोही वारला. दोघांचा पत्रव्यवहार १९२६ ते १९२८ या काळात छापला गेला. बहिणीच्या आठवणी १९३८ मध्ये आल्या. म्हणजे कादंबरीचा अर्थ ज्यांच्या आधारे लावावयाचा, ती कागदपत्रे शोकाकुल आप्तांनीच जुळवून दिलेली आहेत. एवढ्याने ती अविश्वसनीय ठरत नाहीत. पण निवड कोणी केली, हे अभ्यासकाने विसरता कामा नये. स्यूरेलने कादंबरीत जे केले, तेच या दोघांनी प्रत्यक्षात केले.

लेखकाचे अवशेष सें-रेमी-ला-कालोनजवळच्या रानात १९९१ साली सापडले. एकाच खड्ड्यात एकवीस सैनिक पुरलेले होते. १९९२ मध्ये त्याच गावी त्यांचे विधिपूर्वक दफन झाले. इझाबेल १९७१ मध्येच निवर्तली होती.