हेडलाइटचा झोत वर-खाली करणारी मोटर

रात्री महामार्गावर समोरच्या मोटारीने डिपर लावलेला असूनही डोळे दिपतात. दर वेळी त्यात चालकाचा उद्दामपणाच असतो असे नाही. मागील आसनावर तिघे आणि डिकीत सामान असले, की गाडीचे तोंड वर उचलले जाते. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २.४ मीटर धरले, तर मागची बाजू जेमतेम चार सेंटिमीटर दबली तरी झोत एक अंशाने चढतो. डिपरचा झोत साधारणतः दर १० मीटरला १० सेंटिमीटर उतरेल असा लावतात. दिवा ६५ सेंटिमीटर उंचीवर असल्यास झोताची वरची कडा ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. एक अंश चढलेली कडा मात्र टेकतच नाही. ६० मीटरवर ती सुमारे ११० सेंटिमीटर उंच, म्हणजे समोरच्या चालकाच्या डोळ्यांपाशी पोचते.

यासाठीच अनेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर शून्यापासून पुढे आकडे असलेली लहान चकती असते. एकटा चालक असताना शून्य, भार वाढेल तसा वरचा आकडा. प्रत्येक हेडलाइटच्या मागे एक छोटी मोटर असते व तिच्या कप्लरमध्ये बहुधा तीन वायरी येतात : १२ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. चकती फिरविली की सिग्नलचा दाब बदलतो. मोटरच्या आतील मंडल हा दाब परावर्तकाच्या प्रत्यक्ष स्थितीशी ताडून पाहते आणि दोन्ही जुळेपर्यंत मोटर फिरते. तुलना पुरवठ्याच्या प्रमाणात होत असल्याने बॅटरीचा दाब थोडा कमी-अधिक झाला तरी झोत हलत नाही.

जोडणी करताना दोन्ही मोटरींना एकच सिग्नल समांतर द्यावा. पुरवठा फ्यूजमधून व बहुतेक गाड्यांत डिपरच्या मंडलातूनच घेतात. त्यामुळे दिवे बंद असताना मोटर हलत नाही, आणि ती बिघडली असा समज करून ती बदलणारेही भेटतात! चकती व मोटरी यांचा अर्थ एकाच ठिकाणी जोडणे महत्त्वाचे. गंजलेल्या बोल्टवर अर्थ घेतल्यास सिग्नलची तुलनाच चुकते आणि झोत भलतीकडे जाऊन थांबतो. वायरींचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात, तेव्हा रंगावर विसंबण्यापेक्षा मल्टिमीटर लावणे बरे. एकच बाजू बंद असेल तर त्या बाजूचा कप्लर किंवा मोटर तपासावी. दोन्ही बंद असल्यास फ्यूज, चकती किंवा अर्थ.

मूळ झोत स्क्रूने लावताना चकती शून्यावर, गाडी सपाट जागी आणि चालकाच्या आसनावर सुमारे ७५ किलो वजन असावे. चकती एक किंवा दोनवर ठेवून स्क्रू फिरविला, तर पुढे शून्यावर आणताच झोत थेट समोरच्याच्या काचेवर जातो.