शिरगणतीच्या रकान्यातील आपण

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाच्या पन्नास वर्षांचे सिंहावलोकन होत असता, आपल्यासारख्या घर सोडून आलेल्यांची नोंद सरकारी कोष्टकांत कशी होत आली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

देशभर एकाच वेळी घेतलेली पहिली खानेसुमारी १८८१ ची. तीत जन्मस्थानाचा प्रश्न होता. जन्म एकीकडे आणि गणना दुसरीकडे, असा तो स्थलांतरित, ही साधी कसोटी. तेवढ्या एका प्रश्नाने मोठे चित्र उभे राहिले. त्या साली मुंबईच्या सुमारे पावणेआठ लाख वस्तीत सव्वा लाखांवर माणसे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. १९२१ साली मुंबईत मोजलेल्या दर शंभरांतील सुमारे ८४ जण शहराबाहेर जन्मलेले होते. गिरण्या आणि गोद्या कोणाच्या बळावर चालल्या, हे सांगण्यास याहून बोलका पुरावा नको.

तथापि ही कसोटी काही वेळा फसवी ठरे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा प्रघात आहे. आजोळी जन्मून तीन महिन्यांनी वडिलांच्या घरी आलेले तान्हे मूल त्यामुळे कागदोपत्री स्थलांतरित ठरे. त्याच घरात जन्मलेले धाकटे भावंड मात्र तेथलेच! ही उणीव भरून काढण्यासाठी पुढे प्रश्न वाढत गेले. १९६१ साली वास्तव्याचा काळ, १९७१ साली पूर्वीचे वास्तव्यस्थान आणि १९८१ साली स्थलांतराचे कारण विचारण्यात आले.

कारणांच्या या कोष्टकाकडे आपल्या भगिनींनी अवश्य लक्ष द्यावे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या १२१ कोटी लोकसंख्येपैकी ४५ कोटींहून अधिक लोक स्थलांतरित होते. त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून पुष्कळच अधिक असून, त्यांच्यापुढे बहुधा ‘विवाह’ हेच कारण नोंदलेले आढळते. लग्न होऊन परमुलखात आलेल्या स्त्रीने तेथे पुढे तीस वर्षे शाळेत शिकविले, तरी तिच्यापुढे लागते ते एकच कारण. तिच्या श्रमांचा इतिहास त्या रकान्यात मावत नाही.

याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. नोकरीनिमित्त येथे आलेले आजोबा स्थलांतरित म्हणून मोजले गेले. येथेच जन्मलेला आणि येथेच राहिलेला त्यांचा नातू त्या कोष्टकात नाही, आणि ते योग्यच आहे. तो येथलाच आहे. मग त्याच्या मराठीपणाची नोंद उरते कोठे? ती उरते मातृभाषेच्या रकान्यात. २०११ साली मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते; त्यांतील सुमारे ५५ लाख महाराष्ट्राबाहेरचे. यांत बेळगावच्या परिसरातील माणसेही आली. त्यांनी गाव सोडले नव्हते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राज्याची सीमाच सरकली. व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावरात वसलेल्यांचे वंशजही याच रकान्यात भेटतात. त्यांना स्थलांतरित कोण म्हणेल? परंतु घरात बोलली जाणारी मराठी त्यांनी तीनशे वर्षे टिकविली.

शिरगणतीची मातृभाषेची व्याख्या मोठी मार्मिक आहे: बालपणी आई ज्या भाषेत बोलली, ती मातृभाषा. ग्रंथालयातील पुस्तके, गणेशोत्सवातील नाटके आणि आजचा हा समारंभ यांस त्या व्याख्येत स्थान नाही. पण घरातली मराठी बोलती राहावी म्हणूनच तर पन्नास वर्षांपूर्वी मंडळ स्थापन झाले.

२०२१ ची जनगणना कोविडच्या साथीमुळे लांबली. त्यानंतरच्या गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी जाहीर झाली. प्रगणक दारी येईल तेव्हा जन्मस्थानापुढे आपल्यापैकी अनेकांची मुले याच शहराचे नाव सांगतील, आणि ते अभिमानाने सांगावे. मातृभाषेपुढे त्यांची मुले काय सांगतील, हे आज आपल्या घरांत ठरत आहे.