मिल्टन हायस्कूलचा बू

फ्लोरिडातल्या मिल्टन गावच्या एकाच शाळेने तीन नामवंत गोल्फपटू दिले: हीथ स्लोकम, बब्बा वॉटसन आणि बू वीकली. बब्बाने मास्टर्स दोनदा जिंकली. शाळेचे नाव निघते ते त्याच्यामुळे. मला बू जवळचा वाटतो. कॉलेज अर्धवट सोडून तो रसायनांच्या कारखान्यात लागला. काम काय, तर जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने अमोनियाच्या टाक्या धुण्याचे. (अशा मुलाचे नाव आपल्या मेळाव्यातही कुणी आधी घेत नाही.) १९९७ मध्ये तो व्यावसायिक झाला. २००२ मध्ये पीजीए टूरवर पोचला, पण टिकला नाही. पुन्हा दुय्यम स्पर्धा. एप्रिल २००७ च्या हेरिटेज स्पर्धेत मात्र शेवटच्या दोन्ही होलना त्याने ग्रीनबाहेरून चेंडू थेट आत घातला आणि एर्नी एल्सला एका फटक्याने मागे टाकले. पुढल्या वर्षी तीच स्पर्धा त्याने परत जिंकली.