उज्जैनचे जंतरमंतर : जीर्णोद्धार व जतन

सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उज्जैनला जयसिंगपुऱ्यात उभारलेली चुनेगच्ची वेधशाळा. आजची शासकीय जीवाजी वेधशाळा. दिल्ली, जयपूर, वाराणसी व मथुरा येथेही त्याने अशाच वेधशाळा बांधल्या. त्यांपैकी मथुरेची नामशेष झाली.

सम्राट, नाडीवलय, दिगंश व दक्षिणोत्तर भित्ती ही येथील जुनी यंत्रे. यंत्र म्हणायचे, पण त्यांत हलणारा भाग एकही नाही. भिंतीचा कोन हेच यंत्र. सम्राटयंत्राची तिरपी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे उज्जैनच्या अक्षांशाइतकी (सुमारे २३° ११′) चढती असावी लागते. तिच्या दोन्ही बाजूंच्या वर्तुळखंडांवरून सावली तासाला १५ अंश सरकते. खंड एका अंशाने फिरला, की वेळ चार मिनिटांनी चुकते. वाडा किंवा देऊळ थोडे कलले तरी वापरात राहते; या इमारतीला तेवढीही सूट नाही.

कलायला कारणे भरपूर. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचे पाये हलवते. भेगांतून पाणी शिरले की चुना धुपतो, गिलावा सुटतो आणि त्यावर कोरलेल्या अंशरेषाही जातात. सिमेंटने दरजा भरणे सोपे, पण घातक: कठीण सिमेंट ओल आत कोंडते आणि शेजारची मऊ वीट फोडते. मुरवलेल्या चुन्याला पर्याय नाही.

ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये मोडकळीला आलेल्या यंत्रांचा जीर्णोद्धार केला. पं. नारायणजी व्यास आणि ‘सर्वानंदकरण’कार गोविंद सदाशिव आपटे यांचा त्यात पुढाकार होता. त्याच वर्षी पुरातत्त्व खात्याच्या जॉन मार्शल यांची जतन-नियमावली प्रसिद्ध झाली. पडझड थांबवा, नवे घडवू नका, हा तिचा रोख. देवळांच्या बाबतीत तो योग्यच. कारण उत्साही जीर्णोद्धाराने जुने कोरीवकाम पुसल्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत. येथे मात्र तो अपुरा पडला असता. रेषा पुसलेली भिंत तशीच राखणे म्हणजे नुसते दगडविटा राखणे. जयसिंगाच्या हातचा गिलावा किती उरला, यापेक्षा कड आकाशाशी जुळते का, हा प्रश्न येथे मोठा.

आपट्यांनी १९३७ मध्ये शंकुयंत्राची भर घातली. १९४२ पासून वेधशाळा वार्षिक दृश्य ग्रहस्थिती पंचांग काढू लागली.