डहाणू अधिसूचना
महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील (तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील) डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवणारी केंद्र सरकारची अधिसूचना. जारी २० जून १९९१. उद्योगांची प्रदूषणानुसार लाल, नारिंगी व हिरवी अशी वर्गवारी करून लाल गटाला येथे मज्जाव करण्यात आला.

चिकूच्या वाड्या, वारली पाडे आणि मच्छीमारांची गावे असलेल्या या पट्ट्यात ५०० मेगावॅटचे कोळशावरील औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. प्राधिकरणाने केंद्र बंद पाडले नाही. धुरातील सल्फर डायऑक्साइड शोषणारी यंत्रणा मात्र बसवायला लावली. वीजही मिळाली, बागांनाही संरक्षण मिळाले.

याच तालुक्यातील नियोजित वाढवण बंदराची कथा निराळी. १९९८ मध्ये प्राधिकरणाने ते नाकारले, पण २०२३ मध्ये अटींसह मंजुरी दिली. समुद्रात भराव घातल्यास मासळीची पैदास धोक्यात येईल, हा मच्छीमारांचा आक्षेप. रोजगार व मोठ्या जहाजांची सोय, ही सरकारची बाजू.

विरोध कायम असतानाच ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पाची पायाभरणी झाली.