मोटारसायकलच्या सामानपेटीच्या कुलपाची किल्लीजुळवणी

मोटारसायकलच्या सामानपेटीचे कुलूप वाहनाच्या मूळ किल्लीनेच उघडावे, यासाठी कुलपाच्या अंतर्भागाची फेरमांडणी करण्याच्या क्रियेला किल्लीजुळवणी किंवा रीकीइंग असे म्हणतात. यात किल्ली तशीच राहते व कुलूप तिच्याप्रमाणे बदलले जाते. जुनी पेटी विकत घेतल्यास, एखादे कुलूप तुटल्यास किंवा पेट्या वाहनाला नंतर बसविल्यास अनेक किल्ल्या बाळगाव्या लागतात. ही अडचण किल्लीजुळवणीने दूर होते.

पार्श्वभूमी

मालकाला जुळणी बदलता येईल असे कुलूप अमेरिकेतील न्यू जर्सी येथील सॉलोमन अँड्र्यूज यांनी १८३६ साली तयार केले. सामानपेट्यांमध्ये प्रामुख्याने वेफर प्रकारची कुलपे असतात. अमेरिकेत अशा कुलपाचे पेटंट फिलो फेल्टर यांनी १८६८ मध्ये घेतले.

रचना

वेफर कुलपाचे दोन मुख्य भाग असतात : बाहेरचे स्थिर कवच आणि आत फिरणारा दंडगोलाकार गाभा. गाभ्यातील फटींमध्ये धातूची चपटी पाती (वेफर) असून प्रत्येक पात्यामागे एक बारीक स्प्रिंग असते. पात्याच्या आयताकृती छिद्रातून किल्ली जाते. हे छिद्र निरनिराळ्या पात्यांत वेगवेगळ्या उंचीवर असते. किल्ली नसताना पाती गाभ्याबाहेर येऊन कवचाच्या खाचेत अडकतात. योग्य किल्ली घातल्यास सर्व पाती गाभ्याच्या पृष्ठभागाशी समतल होतात व गाभा फिरतो.

पद्धत

# मूळ किल्ली नव्या कुलपात पूर्ण आत जाते का, हे प्रथम पाहतात. किल्लीचा आडवा छेद व कुलपाचे तोंड जुळत नसल्यास पाती बदलून उपयोग होत नाही.
# गाभा बाहेर काढतात. काही कुलपांत तो मागील क्लिप किंवा स्क्रूने धरलेला असतो, तर काहींत एक स्वतंत्र पाते दाबावे लागते.
# जुनी पाती व स्प्रिंग काढून गाभ्यात मूळ किल्ली घालतात.
# प्रत्येक फटीत वेगवेगळ्या क्रमांकाची पाती घालून जे समतल बसेल ते निवडतात व त्यामागे स्प्रिंग बसवतात.
# किल्ली काढल्यावर प्रत्येक पाते बाहेर येते का आणि घातल्यावर आत जाते का, याची खात्री करतात.
# गाभा कवचात बसवून, पेटीचे झाकण उघडे असतानाच कुलूप अनेकदा फिरवून पाहतात.

वंगणासाठी ग्रॅफाइटची कोरडी पूड वापरतात. घट्ट तेलामुळे धूळ साचून पाती अडकू शकतात.

पर्याय

बीएमडब्ल्यूच्या सामानपेट्यांसाठी पाती न मांडलेली कुलपे मिळतात व ती वाहनाच्या किल्लीप्रमाणे जुळवता येतात. जिवी या इटालियन कंपनीच्या पेट्यांसाठी एकाच किल्लीने उघडणारे कुलूपसंचही उपलब्ध असतात. भारतात इग्निशन, इंधनटाकीचे झाकण आणि बाजूच्या पेटीचे किंवा आसनाचे कुलूप एकत्रित ‘लॉकसेट’ म्हणून विकले जाते. त्यामुळे एक कुलूप बिघडले की पूर्ण संच बदलण्याकडे कल असतो.

सुरक्षितता

योग्य पाते न मिळाल्यास ते काढून टाकणे किंवा कानशीने घासून समतल करणे, असे तात्पुरते उपाय केले जातात. दोन्हींमुळे कुलूप कमकुवत होते. चार प्रकारची पाती व सहा जागा असल्यास सैद्धांतिक दृष्ट्या ४,०९६ रचना शक्य असतात. दोन पाती काढल्यास त्या केवळ २५६ उरतात. घासलेले पाते आखूड झाल्याने थोड्या वेगळ्या खाचांची किल्लीही चालू शकते.

सर्व कुलपे एका किल्लीला जुळविल्यास सोय वाढते, पण जोखीमही एकवटते. किल्ली दुसऱ्याच्या हाती पडल्यास वाहनाबरोबर पेट्याही उघड्या होतात, आणि एकमेव किल्ली हरवल्यास मालकालाच काही उघडता येत नाही. म्हणून दुसरी किल्ली आधी करून घेऊन ती वाहनापासून वेगळी ठेवणे इष्ट ठरते.

हेसुद्धा पहा

* कुलूप
* किल्ली
* मोटारसायकल